खाजकुइलीची पुडी आणि कंपवात

आमच्या बेळगावकडील एका देवळात आरती आटोपल्यावर सभामंडपात बसलेल्या वृद्ध मंडळींच्या हाती प्रसादाबरोबर एक कागदी पुडी पडताना मी गेल्या वर्षी स्वतः पाहिली. ‘कंपवातनाशक, मेंदूच्या पेशींचे रक्षण करणारे शुद्ध वनस्पतिजन्य चूर्ण’ अशी अक्षरे तीवर होती. पुडी देणारे गृहस्थ सज्जन. दमडीचाही लोभ त्यांना नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. लबाडाशी भांडणे सोपे असते. परोपकारी माणसाशी भांडू गेले की आपणच कृतघ्न ठरतो. तरीही भांडणे भाग आहे, कारण त्या पुडीपायी माझ्या सख्ख्या काकांचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत.

पुडीत खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण होते. आपल्या कुंपणांवर चढणारी ही वेल, कानडीत नसुगुन्नी, वैद्यांची आत्मगुप्ता. तिच्या अंगी गुण नाही असे कोणी शहाणा म्हणणार नाही. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले. वजनाच्या शेकडा ४ ते ६ इतके ते त्यांत असते. कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पट्ट्यातील पेशी मरत जातात, आणि त्या जे डोपामीन निर्माण करीत त्याचा तुटवडा पडतो. लेव्होडोपा पोटात गेले की मेंदूत त्याचे डोपामीन होते आणि जखडलेले हातपाय मोकळे होतात. डॉक्टर देतात त्या गोळीतही हेच द्रव्य असते. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर प्रयोग झाला, तेव्हा या बियांच्या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीहून लवकर आला व अधिक वेळ टिकला, हेही प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे.

परंतु हा झाला आराम. पुडीवरचा शब्द होता ‘रक्षण’. आराम आणि रक्षण यांत आभाळाएवढे अंतर आहे. गळक्या हौदात रोज घागरीने पाणी ओतले म्हणून हौदाची भेग बुजत नाही. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर याचीच परीक्षा झाली: निम्म्यांना लेव्होडोपा प्रथमपासून, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. २०१९ साली निष्कर्ष आला की या द्रव्याने रोगाची चाल मंदावत नाही, आणि वाढतही नाही. म्हणजे ‘गोळीने मेंदू पोखरतो, बी मात्र मेंदू राखते’ हे जे सभामंडपात सांगितले जाते ते दोन्ही बाजूंनी खोटे आहे. कारण गोळीत आणि बीत मुख्य द्रव्य एकच.

काका ७१ वर्षांचे. चार वर्षे गोळ्या घेऊन स्वतः बाजारहाट करीत होते. पुडी आली आणि त्यांनी गोळ्या एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या दिवशी अंग लाकडासारखे ताठ झाले, ज्वर चढला, पाण्याचा घोट गिळवेना. पुडीत लेव्होडोपा किती होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, देणाऱ्यालाही नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा १६ चूर्णगोळ्या २०२२ साली तपासल्या गेल्या. एका मात्रेत कोठे २ मिलिग्रॅम, कोठे २४० च्या घरात. काका वाचले, पण पूर्वीसारखे चालणे गेले ते गेलेच.

आता निपाणीच्या मंडळींकडे वळतो. तेथे फुशारकी वेगळी. ‘तंबाखूने कंपवात टळतो’ असे वखारीतला मुकादमही सांगतो, आणि त्याला पाश्चात्त्य संशोधनाचा दाखला देणारे पदवीधरही भेटतात. दाखला खोटा नाही; धूम्रपान करणाऱ्यांत कंपवात कमी आढळतो हे अनेक देशांत, अनेक दशके दिसून आले आहे. पण कारण कोणते आणि परिणाम कोणता? ज्यांच्या मेंदूत रोगाचा शिरकाव आधीच झालेला असतो त्यांना व्यसन सहज सोडता येते, असाही पुरावा आहे. शेवटी निकोटीनचीच थेट परीक्षा झाली: जर्मनी व अमेरिकेत दीडशेहून अधिक नव्या रुग्णांना वर्षभर निकोटीनच्या किंवा नुसत्या पट्ट्या लावल्या गेल्या. २०२३ साली उत्तर प्रसिद्ध झाले. निकोटीनने रोग थांबला नाही, मंदावलाही नाही.

ज्या मातीत १९८१ साली तंबाखूच्या रास्त भावासाठी महामार्ग अडविणारे शेतकरी पोलिसांच्या गोळीने पडले, आणि ज्या वखारींत आयाबायांनी उभा जन्म तंबाखूची धूळ छातीत घेतली, तेथे या पानाला संजीवनी म्हणावयाचे? त्या बायांच्या खोकल्याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

‘वनस्पती आहे, अपाय कसा होईल?’ हा प्रश्न तर मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. धोत्रा आपण महादेवाला वाहतो. भाजीत घालीत नाही. सर्पगंधेचेच पाहा. रक्तदाबावरील तिचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला आणि तिला कीर्ती मिळाली. पण तिच्यातील रेसर्पिन अधिक घेणाऱ्या काही रुग्णांना कंपवाताचीच लक्षणे होऊ लागली. १९५७ साली स्वीडनच्या कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चेष्ट झालेले ससे लेव्होडोपा टोचून पुन्हा चालते केले, आणि तेथूनच आजच्या उपचाराचा रस्ता निघाला. आपल्या एका वनस्पतीतील द्रव्याने रोगाचे रूप दाखविले, दुसरीत सापडणाऱ्या द्रव्याने उतारा. रोटेनोन नावाचे कीटकनाशकही मुळांतूनच निघते. २००० साली ते देऊन उंदरांत कंपवातासारखी विकृती उत्पन्न करण्यात आली. मेंदूच्या पेशी राखणारे वनस्पतिद्रव्य माणसांत अद्याप सिद्ध झालेले नाही. मारणारे मात्र ठाऊक आहे.

मला आयुर्वेदाचा द्वेष्टा म्हणतील. म्हणोत. ज्या शास्त्रात मात्रा, काल आणि अनुपान यांचा इतका काटेकोर विचार आहे, त्याच्या नावावर मोजमाप नसलेली पुडी वाटणे हाच त्या शास्त्राचा अपमान होय. बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. २००६ पासून ती आपल्या उंबरठ्यावर आहे. सह्याद्रीच्या वनस्पतींवर तेथे काम चालते. ज्यांची खाजकुइलीवर श्रद्धा आहे त्यांनी तिची बी अशा तज्ज्ञांपुढे ठेवावी, वैद्य आणि डॉक्टर यांना एका बैठकीस बसवावे. गरीब रुग्णाला स्वस्तात आराम देण्याची शक्यता या बीत खरोखर आहे. बोलिव्हियात याच हेतूने प्रयोग झाले. मात्र १६ आठवड्यांच्या प्रयोगात १४ पैकी ७ रुग्ण पोटाच्या तक्रारींमुळे वा लक्षणे बळावल्यामुळे मध्येच बाहेर पडले, हेही त्याच संशोधकांनी लपविले नाही. आपल्याकडे पुडी सोडून दिलेल्यांची नोंद कोण ठेवतो?

विश्वस्तांना मी लेखी विनंती केली आहे की, सभामंडपात औषध वाटण्यास बंदी करावी आणि फलकावर एवढेच लिहावे: कंपवाताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणीही एकाएकी बंद करू नयेत, आणि काही चूर्ण घेत असल्यास ते त्यांना सांगावे. दोन महिने झाले, उत्तर आलेले नाही. फलकावर अद्याप पालखीचीच वेळ आहे.