शनिवार ते शनिवार

फ्रान्सच्या जवळजवळ मधोमध क्रोझ नावाचा एक जिल्हा आहे. प्रवासी कंपन्यांच्या सहलपत्रिकांत त्याचे नाव सहसा आढळत नाही. तिथे समुद्र नाही, बर्फाची शिखरे नाहीत, नावाजलेल्या मद्याचे मळेही नाहीत. हिरवी कुरणे, तांबूस रंगाच्या धिप्पाड गाई, ग्रॅनाइटची दगडी घरे आणि कानाला टोचेल इतकी शांतता, एवढेच तिथले वैभव. २०२५च्या जुलैत तुलूजला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने तिथले एक घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतले. "काका, तुम्हाला लिहायला शांत जागा हवी ना? याहून शांत जागा फ्रान्समध्ये मिळायची नाही," असे म्हणून तिने मला गाडीत घातले. लिहिणे काही झाले नाही. बँकेत काढलेल्या बत्तीस वर्षांची खोड मात्र उफाळून आली, आणि आठवडाभर मी त्या घराचा जमाखर्च मांडत बसलो.

अशा घराला फ्रेंच भाषेत 'झीत' म्हणतात. मूळ अर्थ निवारा. सुट्टीपुरते घर भाड्याने घ्यायचे, स्वयंपाक आपला आपण करायचा. शनिवारी दुपारी चारला यायचे, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला किल्ली परत करायची. आमचे यजमान इंग्रज होते. नवरा शाळामास्तर, बायको परिचारिका. २००४ साली इंग्लंडमधले घर विकून इथे आले. आले त्या पैशात एक राहते घर, शेजारचा पडका गोठा आणि तीन एकर कुरण आले, वर दुरुस्तीपुरती रक्कमही उरली. गोठ्याचे झाले झीत. दोघेही आता सत्तरीला टेकलेले, म्हणजे माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे.

शनिवारचे ते दहा ते चार हे सहा तास काय असतात, ते मी पाहिले, कारण आमच्या आधीचे कुटुंब निघायच्या आतच आम्ही जाऊन थडकलो होतो. सहा खाटांच्या चादरी-अभ्रे काढायचे, धुवायचे, दुसरे घालायचे. भट्टी खरवडायची, फ्रिजमधले अर्धवट चीज टाकायचे, फरशा पुसायच्या. पोहण्याच्या तलावात कागदाची पट्टी बुडवून क्लोरीन तपासायचे. तलावाभोवती कुंपण हवे, नाहीतर झाकण, छत किंवा धोक्याची घंटा. २००३च्या कायद्याने ती सक्ती केली आणि न पाळल्यास दंड ४५,००० युरोंपर्यंत. शौचालयात कागदाखेरीज काही टाकू नका, अशी पाटी तीन भाषांत लावायची. कारण गावात गटारयोजना नाही, मैला टाकीत जातो, आणि टाकी तुंबते ती नेमकी रविवारी, जेव्हा फ्रान्समध्ये प्लंबर देवळातल्या देवाइतकाच दुर्लभ असतो. बाई हे सगळे सांगत होत्या आणि हात चालूच होते.

ही कल्पना इंग्रजांची नव्हे. १९५१ साली आल्प्सच्या पायथ्याच्या एका गरीब जिल्ह्यात, एमिल ओबेर नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने पहिले झीत उघडले आणि १९५५ मध्ये अशा घरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. युद्धानंतर खेडी ओस पडत होती, शहरातल्या कामगाराला भरपगारी रजा मिळू लागली होती, पण हॉटेल परवडत नव्हते. तेव्हा शेतकऱ्याने रिकामा पडलेला भाग नीट करावा, उन्हाळ्यात भाड्याने द्यावा, चार पैसे मिळाले की पोरगा गाव सोडणार नाही. हॉटेलांना तारे असतात, तसा या घरांना संघाने दर्जा दिला तो गव्हाच्या लोंब्यांत मोजून. शेतकऱ्याचा जोडधंदा ही त्यामागची जाण त्या लोंबीत आहे.

पोरगा राहिला का? क्रोझपुरते उत्तर आकडेवारीत आहे. १८५१ साली या जिल्ह्याची वस्ती २,८७,००० होती. आज ती सव्वा लाखाच्याही आत आहे. गाव सोडण्याची रीत तर त्याहून जुनी. इथले पुरुष गवंडी. वसंत ऋतूत पायी पॅरिसला जायचे, दगड घडवायचे, थंडीत परतायचे. आज आपण वाकून वाकून छायाचित्रे काढतो ते पॅरिस उभारण्यात या लोकांचा मोठा वाटा. त्यांच्यातलाच मार्तें नादो गवंड्याचा खासदार झाला, १८५१च्या राजकीय उलथापालथीनंतर देशाबाहेर घालवला गेला आणि इंग्लंडमध्ये आधी गवंडीकाम व मग मास्तरकी करून राहिला. क्रोझचा गवंडी इंग्लंडात मास्तर झाला, आणि दीडशे वर्षांनी इंग्लंडचा मास्तर क्रोझमध्ये येऊन गवंडीकाम शिकला. आमच्या यजमानांना ही गोष्ट ठाऊक होती. चुन्याच्या गिलाव्यावर हात फिरवत त्यांनीच ती मला सांगितली.

गवंडी गेले, ते हळूहळू कुटुंबासकट गेले. घरे उरली. फ्रेंच कायद्यात मुलाला वारसाहक्कातून सहजी वगळता येत नाही, सगळ्यांना वाटा. त्यामुळे एकेका घराला आठ-दहा मालक, कुणी लिऑंला, कुणी पॅरिसला. सह्या जुळेपर्यंत छप्पर कोसळते. सातबाऱ्यावर सोळा नावे असलेले कोकणातले घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या रिकाम्या घरांवर इंग्रजांची नजर गेली. दोर्दोन्य जिल्ह्यात ते साठ-सत्तरच्या दशकांपासून येत होते. तिथल्या एमे नावाच्या गावात क्रिकेट क्लबसुद्धा आहे. १९८९ मध्ये पीटर मेल यांचे 'अ इयर इन प्रोव्हान्स' आले आणि अमाप खपले. मग लिमोझ, बेर्जराक अशा आडगावच्या विमानतळांवर स्वस्तातली विमाने उतरू लागली. २००० पासून परदेशात घर शोधण्याचे कार्यक्रम ब्रिटिश दूरचित्रवाणीवर लागले. पण पुस्तक आणि विमान ही निमित्ते. खरे कारण इंग्लंडमधल्या घरांच्या किमती. लंडनच्या आसपासचे साधे घर विकले की इथे वाडा येत होता. फ्रेंच शेतकरी झीत चालवायचा तो शेतीला जोड म्हणून. इंग्रज कुटुंब तेच पोटाचा धंदा म्हणून चालवायला आले. सगळा घोटाळा इथे आहे असे माझे मत.

तिसऱ्या संध्याकाळी बाईंनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. बँकवाला भेटला की माणसे वही दाखवतातच, देश कुठलाही असो. त्यांच्या संमतीने, आकडे गोल करून इथे देतो. जुलै-ऑगस्टचे आठ आठवडे, दर ९०० युरो, म्हणजे ७,२००. जून आणि सप्टेंबर मिळून चार आठवडे ५०० प्रमाणे, २,०००. ईस्टरच्या सुमारास दोन आठवडे ४०० प्रमाणे, ८००. एकूण जमा १०,०००. उरलेले अडतीस आठवडे कुलूप. खर्चाच्या बाजूला बुकिंग करून देणाऱ्या कंपनीचे कमिशन १,५००. वीज, पाणी, गॅस, तलावाची औषधे १,८००. घरपट्टी, धंद्याचा स्थानिक कर आणि विमा १,५००. डागडुजी, चादरी, गवत कापायचे यंत्र २,०००. शिल्लक ३,२००. आता दोघांच्या कामाचे तास मी मोजले. शनिवारची साफसफाई, मधली बाग, तलाव, पत्रव्यवहार मिळून सहाशे तास तरी होतात. तासाला साडेपाच युरोसुद्धा पडत नाहीत. फ्रान्समध्ये २०२५ साली किमान वेतन तासाला ११.८८ युरो होते.

"हे सगळं मांडल्यावर फार वाईट दिसतं," बाई म्हणाल्या.

दिसते खरे. कोकणच्या किनाऱ्यावर शाखा सांभाळत असताना घरगुती न्याहारी-निवासासाठी कर्ज मागायला एक बाई आल्या होत्या. अर्जात खर्चाचे सगळे रकाने भरलेले, नारळ किती, गॅस किती, चादरी किती. स्वतःच्या मजुरीचा रकाना कोरा. मी विचारले तर म्हणाल्या, "माझ्या घरात मी मजुरी कुणाकडून घेऊ?" कर्ज मंजूर केले, तेही फिटले, पण त्या कोऱ्या रकान्याचे मला आजवर उत्तर सापडलेले नाही. पाहुण्यांच्या धंद्यात नफा म्हणून जे दिसते, त्यातले पुष्कळसे घरच्या माणसाचे न घेतलेले वेतन असते.

मग ही दोघे एकवीस वर्षे जगली कशावर? आधी घरविक्रीतून उरलेल्या पुंजीवर, नंतर इंग्लंडच्या पेन्शनवर. पेन्शन पौंडात, बेकरीचे बिल युरोत. २००० साली पौंडाला दीड युरोहून बरेच अधिक मिळत. २००८च्या डिसेंबरअखेर जेमतेम एक. हजार पौंडांचे पेन्शन तेवढेच राहिले आणि त्यातला एकतृतीयांश हवेत विरला. नंतर पौंड थोडा सावरला, तोवर २३ जून २०१६चे सार्वमत आले.

त्या सार्वमतात परदेशात पंधरा वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या ब्रिटिश नागरिकांना मत नव्हते. ज्यांच्या पायाखालची जमीन हलणार होती, त्यांतल्या पुष्कळांना बोलायचीच मुभा नाही! आमच्या यजमानांना बारा वर्षेच झाली होती, त्यांनी मत दिले, हरले. ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. त्याची एक बाजू वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. फ्रान्सच्या खेड्यांतल्या नगरपरिषदांवर सातशेहून अधिक ब्रिटिश सदस्य निवडून आलेले होते. संघाचे नागरिक म्हणून त्यांना तो हक्क होता. १५ मार्च २०२०च्या निवडणुकीत ते उभेच राहू शकले नाहीत. दोनतीनशे वस्तीच्या गावात मेयरला अकरा माणसे जमवताना नाकी नऊ येतात. तिथे पेन्शनीतला, वेळ असलेला, हिशेब जाणणारा माणूस जाणे म्हणजे काय, ते गावालाच कळले. आमचे मास्तर दोन खेपा सदस्य होते. रस्त्यावरच्या दिव्यांची समिती त्यांच्याकडे होती. मतदानानंतर दोनच दिवसांनी करोनामुळे देश बंद झाला. त्या उन्हाळ्यात इंग्रज पाहुणे आलेच नाहीत. बाहेर न जाऊ शकलेले फ्रेंच आले.

आधीपासून राहणाऱ्यांना निवासाची कार्डे मिळाली. नव्याने येणाऱ्याची गोष्ट वेगळी. नुसता राहायला येणार असाल तर फ्रान्समध्ये काम करणार नाही असे लिहून द्या. धंदा करणार असाल तर त्यातून किमान वेतनाइतके, म्हणजे २०२५च्या हिशेबाने महिन्याला ढोबळ १,८०० युरो, उत्पन्न निघेल हे कागदावर दाखवा. वर दिलेली वही पुन्हा पाहा. जो प्रश्न वीस-पंचवीस वर्षे कुणी विचारला नाही, ना घर विकणाऱ्याने, ना नोंदणी करणाऱ्या नोतेरने, ना दूरचित्रवाणीने, तो आता व्हिसाच्या अर्जात छापलेला आहे. निर्दय आहे, पण बँकेत असतो तर पहिल्या मुलाखतीत मीही तोच विचारला असता.

दुसरा फटका पॅरिसहून आला. पर्यटकांना घरे देण्याच्या हव्यासात सेंट मालो, बियारित्झ, आनेसी अशा शहरांत स्थानिकांनाच घर मिळेनासे झाले. त्यावर १९ नोव्हेंबर २०२४चा कायदा झाला. ब्रिटनी प्रांतातल्या खासदार आनाइग ल मर यांच्या नावाने तो ओळखला जातो. अशा भाड्याच्या उत्पन्नातून खर्चापोटी जी ठोक वजावट मिळे, ती २०२५च्या उत्पन्नापासून दर्जा-प्रमाणित घरांसाठी ७१ टक्क्यांवरून ५० वर आणि अप्रमाणित घरांसाठी ५० वरून ३० वर आली. समुद्रकाठच्या शहरांसाठी हे योग्यच होते. पण जिथे दर चौथ्या दाराला गंज चढलेले कुलूप आहे त्या गल्लीत घरटंचाई कुठली? कायद्याने आनेसी आणि क्रोझ एकाच तराजूत टाकले.

या परदेशी लोकांमुळे खेड्यांचे भले झाले की वाईट? फ्रान्समध्येही यावर कडवट वाद आहेत. दोर्दोन्यमध्ये घरांचे भाव चढले, इंग्रज आपापसांतच राहिले, हे आरोप खोटे नाहीत. वीस वर्षे राहून ज्यांना पाव मागण्यापलीकडे फ्रेंच येत नाही, असेही तिथे भेटले. पण क्रोझमध्ये भाव चढायला कुणी गिऱ्हाईकच नव्हते. ज्या गोठ्यात आम्ही झोपलो त्याच्या शेजारचा तसाच गोठा मी पाहिला. मालक नऊ, छप्पर नाही, आत एल्डरचे झाड.

यजमानांनी घर विकायला काढले आहे. मास्तरांचा गुडघा गेला आहे, जवळचे मोठे रुग्णालय तासाभरावर. आम्ही असतानाच एक इंग्रज जोडपे पाहायला आले, पन्नाशीचे, तलाव पाहून हरखलेले. बाईंनी कॉफी दिली. पाहुणीने विचारले, वर्षाचे किती आठवडे भरते? दलालाने बाईंकडे पाहिले. "चौदा," बाई म्हणाल्या, "तेही चांगलं वर्ष असलं तर." दलालाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते जोडपे पुन्हा आले नाही. रात्री मास्तर बायकोवर थोडे चिडलेले दिसले, पण आमच्यासमोर काही बोलले नाहीत.

शनिवारी पहाटे उठून पुतणीने चादरी काढून, घड्या घालून ठेवल्या. बाई रागावल्या, ते काम त्यांचे. दहाला किल्ली दिली. फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मास्तर तलावाशी वाकून क्लोरीनची पट्टी पाण्यात बुडवत होते, आणि चारला येणाऱ्या नेदरलँड्सच्या कुटुंबासाठी बाईंनी दोरीवर पहिली चादर टाकली होती.