भिंतींना पाहुणे, मास्तरांना कोण?

केम हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरील, करमाळा तालुक्यातील गाव. येथील कुंकू महाराष्ट्रभर जाते. अशा गावी परदेशी मदतीची शाळा उभी राहू लागली, की पुढे काय घडते हे सांगावयास ज्योतिषी नको. देणगीदारांचे प्रतिनिधी येतात, हलगी वाजते, मुले उन्हात ओळीने उभी केली जातात. खोल्या किती, स्लॅब केव्हा पडणार, अशी विचारपूस होते. या खोल्यांत शिकवणार कोण आणि दहा वर्षांनंतर त्याचा पगार कोण देणार, हे पाहुणे विचारीत नाहीत व आपणही सांगत नाही. माझे भांडण पाहुण्यांशी नाही, आपल्या समाजाशी आहे.

केमच्या शेजारचा परांडा तालुका पाहा. तो पूर्वीच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. १९९४ साली सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबादची निवड झाली, सोलापूरची नाही. कारण स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असलेले जिल्हे त्यासाठी घेतले होते. पैसा जागतिक बँकेकडून आला, आणि तो फेडीच्या बोलीवर. (मदत म्हणून मिरवलेले बरेचसे धन असे कर्जाऊ असते, कोनशिलेवर मात्र तसे कोणी कोरीत नाही.) त्या कार्यक्रमाची एक अट मला फार मोलाची वाटते. बांधकामावर एकूण खर्चाच्या २४ टक्क्यांहून अधिक रक्कम घालावयाची नाही! उरलेली शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, पुस्तकांसाठी, ग्रामशिक्षण समित्यांसाठी. सावकाराला जे उमगले, ते आपल्या धर्मग्रामांतील मंडळांना का उमगू नये? आपल्या अर्जांत विटा आणि सिमेंट यांपलीकडे काही नसते.

कोणी म्हणतील, मिशनऱ्यांनी शाळा दिल्या म्हणूनच आपण शिकलो. खरे आहे, आणि ते ऋण मी नाकारीत नाही. पण १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग ज्या जर्मन येशूसंघीयांपैकी, त्यांचे पुढे काय झाले? पहिले महायुद्ध पेटले, इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि मायदेशी धाडले. आज तर युद्धाचीही गरज उरलेली नाही. २०२० च्या कायदेदुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे सोपविणे बंद झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हा कायदा जाचक आहे, असे माझेही मत आहे. परंतु जाच होतो म्हणून रडणाऱ्याने आपल्या घरातील धान्याची कणगी आधी उघडून दाखवावी.

आपण गरीब आहोत, हे दुसरे उत्तर. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांची रयत काय श्रीमंत होती? लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. केमपासून दूर नसलेल्या बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी शिक्षणसंस्था उभारली. आपल्यातही लग्नाचा मंडप आणि बँड यांवर खर्च करताना गरिबी आड येत नाही.

माझे मागणे फार नाही. शाळेसाठी परदेशी अर्ज करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने आधी एका शिक्षकाचा वर्षाचा पगार आपल्या वर्गणीतून उभा करावा, मग अर्ज लिहावा. पाहुणे आले तर नव्या भिंतींआधी त्यांच्यापुढे हजेरीपट आणि पगारपत्रक ठेवावे. पगाराचा रकाना कोरा असेल, तर तो झाकू नये.