भाकरी पोचविणारांची नावे कोठे आहेत?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मध्यंतरी आमचे जाणे झाले. तेथील एका कोळी तरुणाने सरळच विचारले, "मास्तर, स्वातंत्र्य पुढाऱ्यांनी मिळविले. त्यात आमच्या माणसांचा हात तो काय?" हा समज बहुजन समाजात पुष्कळांचा आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकांनी करून दिला आहे. ती पुस्तके आम्हीच वर्षानुवर्षे शिकविली, हेही कबूल केले पाहिजे.

त्या तरुणास आम्ही त्याच्याच शेजारची गोष्ट सांगितली. कुलाब्यास 'तलवार' हे आरमाराचे ठाणे होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथील खलाशांनी निकस अन्न व गोऱ्या अंमलदारांची शिवीगाळ यांस कंटाळून संप पुकारला. सरकारने त्यांचे अन्न तोडले, तेव्हा गेटवेवर खाण्याच्या टोपल्या घेऊन मुंबईची साधी माणसे आली. २२ तारखेस परळ-लालबागचा गिरणी कामगार रस्त्यावर उतरला. त्या दिवसांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे पडली. खलाशांजवळ जहाजे होती, तोफा होत्या; पण मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला आणि २३ तारखेस सारे संपले.

आता साताऱ्याकडे पाहा. तेथे जहाज नाही, तोफ नाही, बंदुकाही थोड्याच. तरी १९४३ पासून १९४६ पर्यंत प्रतिसरकार शंभराहून अधिक गावांत टिकले. क्रांतिसिंह नाना पाटील हे मूळचे तलाठी, सत्यशोधक संस्कारात वाढलेले. त्यांच्या सोबत्यांनी कुंडलच्या बाजूस तुफान सेना उभारली. तीत नांगर धरणारी पोरे होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून ती रक्कम चळवळीस लावली. पण गाडी अडविणे हे एका दिवसाचे काम. खरे काम त्यापुढचे. गावात न्याय द्यावयाचा, सावकारास आवरावयाचे, थोड्या खर्चात लग्ने लावावयाची! ज्याने कर्जाच्या लग्नात बापाची जमीन जाताना पाहिली आहे, त्यास ही सेना कोणासाठी लढत होती हे सांगावे लागत नाही.

दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. तळपायांवर फटके मारण्याची शिक्षा दिली जाई. हाती शस्त्र आलेल्या माणसावर गावाचा वचक नसेल तर सैनिकाचा गुंड होण्यास वेळ लागत नाही. परंतु जी सेना रोज गावाच्याच भाकरीवर जगते, तिला गावाचे ऐकावेच लागते. पोलिसांचा वेढा पडला असता रानात भाकरी पोचविणारी, निरोप नेणारी बाई हीच त्या सेनेची रसद व तारखाते होती.

तिची नोंद कोठे आहे? १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांस पेन्शन सुरू झाले, ते तुरुंगाचा किंवा फरारी ठरविल्याचा कागद पाहून. जिने इतक्या हुशारीने काम केले की पोलिसांस तिचे नावही कळले नाही, तिने कागद कोठून आणावा? पकडले न जाणे हाच तिचा गुन्हा ठरला.

त्या काळची माणसे आता फार थोडी उरली आहेत. म्हणून आमच्या शिक्षक बंधूंस व कोळीवाड्यातील त्या तरुणासही आमची विनंती आहे की, येत्या सुटीत आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावे: त्या वर्षांत आपल्या दारी रात्री कोण येई, आणि त्यास कोण वाढी? सांगतील ते नाव-गावासह वहीत लिहून ठेवावे.