व्हिडिओ सर्वांसाठी खुला, पण बटण कुणाला सापडते?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाची मराठी माध्यमांत फारशी चर्चा झाली नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती, म्हणून तिची केवायसी पूर्ण होत नव्हती. अशाच अडचणी घेऊन एक अंध वकीलही न्यायालयात आले होते. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि केवायसी सुलभ करण्यासाठी २० निर्देश दिले. प्रकरण बँक आणि मोबाइल सिमचे होते, त्यामुळे निकालही तेवढ्यापुरताच वाचला गेला.

पण आज माणसाचा डिजिटल जगाशी सर्वात जास्त संबंध कुठे येतो? व्हिडिओत. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा याचा व्हिडिओ, स्पर्धा परीक्षेचा तास, कौशल्य प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, सरकारी योजनेची माहिती, नेत्यांची भाषणे, ६ डिसेंबरचे चैत्यभूमीवरील थेट प्रक्षेपण, सगळे मोबाइलच्या पडद्यावर. आपल्या समाजाला तर हे वेगळे सांगायला नको. मुख्य प्रवाहातील वाहिन्यांनी जागा दिली नाही, तेव्हा तरुणांनी यूट्यूबवर स्वतःची चॅनेल उभी केली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. अशा वेळी ज्याला पडदा दिसत नाही, ज्याला आवाज ऐकू येत नाही किंवा ज्याच्या बोटांची हालचाल मर्यादित आहे, त्याचे काय होते, हा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या साडेएकोणतीस लाखांहून अधिक होती. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के आहे, अनुसूचित जाती-जमाती वगळता इतरांमध्ये २.१८ टक्के. फरक आकड्यात छोटा दिसतो, पण त्यामागे कुपोषण, उशिरा मिळणारे उपचार आणि अंगमेहनतीच्या धोकादायक कामांचा इतिहास आहे, असे माझे क्षेत्रकार्यातील निरीक्षण सांगते. (‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द चळवळीतील अनेकांना मान्य नाही. अंगी दिव्य काही नको, रॅम्प द्या, असे ते म्हणतात. कायद्याची भाषा म्हणून तो शब्द इथे वापरते आहे.)

आता व्हिडिओ प्लेअरकडे वळू. प्लेअर म्हणजे ज्या चौकटीत व्हिडिओ चालतो ती चौकट आणि तिच्यावरची बटणे: सुरू-बंद, आवाज, पुढे-मागे, मोठा पडदा, सबटायटल. अंध व्यक्ती मोबाइल आणि संगणक स्क्रीन रीडरच्या मदतीने वापरते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आहे, विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए मोफत मिळतो. पडद्यावर जे असेल ते हा स्क्रीन रीडर बोलून दाखवतो. मात्र प्रत्येक बटणाला आतून नाव दिलेले असेल तरच. नुसते चित्र चिकटवले असेल तर ऐकू येते, ‘बटण... बटण... बटण.’ कोणते कशाचे, ते दाबून बघायचे.

त्यात व्हिडिओ आपोआप सुरू होणारा असेल तर आणखी पंचाईत. पान उघडताच व्हिडिओतील निवेदक मोठ्याने बोलू लागतो, त्याच्या आवाजात स्क्रीन रीडरचा आवाज बुडतो, आणि व्हिडिओ बंद करण्याचे बटण कुठे आहे हेच ऐकू येत नाही. ज्यांचे हात थरथरतात किंवा जे माउस वापरू शकत नाहीत, ते कीबोर्डच्या टॅब कळीने एकेका बटणावर जातात. कित्येक प्लेअरमध्ये ही कळ चौकटीत शिरते आणि तिथेच अडकते, बाहेर पडत नाही. काही ठिकाणी दोन-तीन सेकंदांत बटणे अदृश्य होतात, तोवर संथ हालचाल असलेल्या माणसाचे बोट तिथे पोहोचलेलेही नसते.

आमच्या कामातील एक प्रसंग सांगते. अभ्यासिकेत येणारा एक अंध तरुण बारावीनंतर संगणक कौशल्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत होता. तास ऐकून समजत होते, त्याची तक्रार नव्हती. पण प्रत्येक व्हिडिओच्या मध्ये अचानक एक प्रश्न उगवायचा आणि ठरावीक सेकंदांत उत्तराचा पर्याय निवडला नाही तर व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला जायचा. प्रश्न पडद्यावर आला आहे, हे स्क्रीन रीडर सांगतच नव्हता. त्याला वाटायचे, नेट गेले. अठरा मिनिटांचा एक तास त्याने चार वेळा ऐकला आणि तरी त्याची हजेरी ‘अपूर्ण’ दाखवत होती. हजेरी पूर्ण नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. संस्थेला फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, ‘घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.’ त्याची आई सकाळी आठला धुणीभांड्याच्या कामाला जाते, बहीण कॉलेजला. शेवटी अभ्यासिकेतील मुलांनी आळीपाळीने शेजारी बसून ते प्रश्न दाबले. अभ्यासक्रम पूर्ण झाला. पण ‘स्वतः केला’ असे तो आजही म्हणत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्ये श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर सुलभ स्वरूपात असावा, तसेच दृश्यवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांद्वारे दिव्यांगांना इलेक्ट्रॉनिक माध्यमे खुली व्हावीत, यासाठी सरकारने उपाययोजना करायच्या आहेत. कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत वा खाजगी, नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. उल्लंघनाला कलम ८९ खाली पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे.

मग अडले कुठे? सुलभतेचे मापदंड ‘मार्गदर्शक सूचना’ म्हणून लिहिले गेले, आणि सूचना पाळली नाही तर कुणाचे काही बिघडत नाही. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावरच बोट ठेवले. मूळ कायदा सक्ती सांगतो आणि नियम १५ मात्र ऐच्छिक भाषा वापरतो, हे कायद्याशी विसंगत आहे, असे म्हणत न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि सक्तीचे किमान मापदंड तीन महिन्यांत आखण्यास सांगितले. अंध व्यक्तीने २००५ मध्ये मागितलेल्या गोष्टीसाठी २०२४ साली पुन्हा तीन महिने!

चित्रपटांच्या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटी प्रदर्शनासाठी हिंदीत दृश्यवर्णन आणि कॅप्शन तयार करायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी सुलभतेचे मापदंड जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीसाठी मसुदा काढला. हे स्वागतार्हच आहे. पण या सगळ्या चर्चेचा भर आशयावर आहे, कॅप्शन दिले की नाही, दृश्यवर्णन दिले की नाही यावर. दृश्यवर्णन म्हणजे पडद्यावर घडणारे न बोललेले प्रसंग सांगणारा जास्तीचा आवाज. तो अंध प्रेक्षकासाठी असतो. आणि तो सुरू करण्याचे बटण तीन पातळ्या आतल्या मेनूत, तेही नाव नसलेले! ज्याच्यासाठी सोय केली त्यालाच ती सापडत नाही. इमारतीत लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला सहा पायऱ्या आहेत, हे आपण सरकारी कार्यालयांत पाहतोच.

मनोरंजनाबद्दल न्यायालयात जाणारे लोक तरी आहेत. प्रशिक्षण, शिकवणी आणि योजनांच्या व्हिडिओंबद्दल कोण जाणार? तिथे गरीब, पहिल्या पिढीतील विद्यार्थी असतात आणि तक्रार केली तर प्रवेशच जाईल ही भीती असते. माझ्या मते या प्रश्नाचे खरे केंद्र ओटीटी नाही, ही शिक्षणाची आणि रोजगाराची पोर्टले आहेत.

कर्णबधिरांसाठी व्हिडिओत अडचणी वेगळ्या आहेत. कॅप्शन आपोआप तयार होतात, असे आपण गृहीत धरतो. यंत्राने बनवलेल्या कॅप्शनमध्ये माणसांची, गावांची नावे, पाली शब्द, बोलीतील वाक्ये यांची काय अवस्था होते ते एकदा आवाज बंद करून पाहावे. यूट्यूबवर पूर्वी कोणत्याही प्रेक्षकाला दुसऱ्याच्या व्हिडिओला कॅप्शन लिहून देता येत असे, चॅनेलने ती सोय सुरू ठेवली असेल तर. वापर कमी आणि गैरवापर होतो, या कारणावरून कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी ती बंद केली. कर्णबधिरांच्या संघटनांनी जगभर विरोध केला, उपयोग झाला नाही. आता चॅनेलच्या मालकाने स्वतः कॅप्शन टाकायचे किंवा विश्वासातील माणसाला त्यापुरता अधिकार द्यायचा. म्हणजे जबाबदारी आपल्याच गळ्यात आहे. शिवाय अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, मराठी नाही. त्यांच्यासाठी कोपऱ्यात दुभाषी दाखवला जातो, पण मोबाइलवर ती चौकट अंगठ्याच्या नखाएवढी होते आणि नेमकी तिच्यावरच प्लेअरची बटणे येऊन बसतात.

‘एवढे सगळे करायला पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न नेहमी येतो. तो खोटा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेची मोफत व्याख्याने दिव्यांगांना वापरता येत नाहीत, असे २०१६ मध्ये तिथल्या न्याय विभागाने कळवले. विद्यापीठाने काय करावे? २०१७ मध्ये २० हजारांहून अधिक व्याख्याने लोकांसाठी बंदच करून टाकली. दोष मात्र तक्रार करणाऱ्या कर्णबधिरांवर आला, ‘तुमच्यामुळे सगळ्यांचे गेले.’ हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. सार्वजनिक पाणवठा सर्वांना खुला करण्यापेक्षा तो बंद ठेवणे पत्करले, असे इतिहासात झाले आहेच. शेवटी २०२२ मध्ये त्याच विद्यापीठाला आपले ऑनलाइन साहित्य सुलभ करण्याचा करार करावा लागला.

आणि प्लेअरपुरते बोलायचे तर पैशाची सबब फार टिकत नाही. बटणांना नावे देणे, टॅब कळ चालू ठेवणे, व्हिडिओ आपोआप सुरू न करणे, यासाठी वेगळी यंत्रे लागत नाहीत, पोर्टल बनवणाऱ्याने मुळात ते करायला हवे असते. एबल प्लेअरसारखे मुक्त आणि मोफत प्लेअर उपलब्ध आहेत, त्यात कॅप्शन, दृश्यवर्णन, सांकेतिक भाषेचा व्हिडिओ आणि संपूर्ण संहिता यांची सोय आहे. जागतिक मापदंड २००८ पासून, केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या सूचना २००९ पासून आहेत. निविदेत एक अट घालायची राहते, ती घातली जात नाही.

आपल्या चॅनेलवाल्या मित्रांना मात्र एक गोष्ट आजच करता येईल, फुकटात. शिष्यवृत्तीच्या व्हिडिओत निवेदक म्हणतो, ‘अधिक माहितीसाठी स्क्रीनवर दिसत असलेल्या नंबरवर संपर्क करा.’ ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याने काय करायचे? नंबर तोंडाने बोला, दोनदा बोला आणि खाली वर्णनात अक्षरांत लिहा. अर्जाची शेवटची तारीख फक्त पोस्टरच्या चित्रात टाकू नका. भाषणाची लिखित प्रत असेलच तर तीच कॅप्शन म्हणून चढवता येते, यूट्यूब मजकूर आणि आवाज जुळवून घेते. मराठीत ती जुळणी झाली नाही तर वेळा हाताने टाकाव्या लागतात, पण दहा मिनिटांच्या भाषणाला एखादी संध्याकाळ पुरते.

संस्थांच्या बाबतीत तक्रार लिहावी लागेल. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आयुक्तालय पुण्यात आहे. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच लिहिलेला अर्ज फाइलमध्ये जातो. त्यापेक्षा नेमके लिहा: कोणते पान, कोणती तारीख, कोणता फोन, कोणता स्क्रीन रीडर, कोणत्या मिनिटाला काय अडले आणि स्क्रीन रीडरने काय उच्चारले. पडद्याचे चित्रमुद्रण आवाजासह जोडा. २०१६ च्या कायद्यातील कलम ४२ आणि ४६ यांचा उल्लेख करा, सर्वोच्च न्यायालयाच्या वरील दोन निकालांच्या तारखा द्या. आमच्या अभ्यासिकेतील मुले असा एक नमुना अर्ज सध्या तयार करत आहेत. त्यातील ‘अडचणीचे वर्णन’ हा रकाना तो तरुण स्वतः लिहितो आहे.