रंग पत्र्यावर, धुके छातीत

कांद्याचा हंगाम जवळ आला की कसमादे पट्ट्यात ट्रॉल्या दुरुस्तीला निघतात. देवळ्यातल्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये आधी वेल्डिंग, मग घासकाम आणि शेवटी रंग. दहावी-बारावीनंतर कामाला लागलेल्या मुलाच्या हाती स्प्रे गन येते. उस्ताद सांगतो : गन पत्र्यापासून वीतभर लांब धर, मनगट फिरवू नकोस, हात सरळ ने, मागचा पट्टा अर्धा झाकत ये. काही दिवसांत रंगाचे ओघळ थांबतात आणि पोरगा शिकला असे ठरते. श्वास कसा घ्यायचा, हे मात्र कोणी शिकवत नाही. नाकाला रुमाल बांधला की झाले!

रुमालाने रंगाचे मोठे थेंब अडतात, वाफ नाही. एन-९५ मास्कनेही वाफ अडत नाही. थिनरमधले टोल्युइन निदान वासाने कळते, डोके जड होते. खरा घातकी पदार्थ चकचकीत ‘पीयू’ रंगात ऐनवेळी मिसळायच्या हार्डनरमध्ये असतो, तो म्हणजे आयसोसायनेट. १९८४ मध्ये भोपाळला सुटलेला वायू याच कुळातला. तो अर्थात फार झपाट्याने हवेत पसरणारा. हार्डनरमधला भाऊबंद सावकाश काम करतो. काही महिन्यांत, कधी काही वर्षांत, फुप्फुसाला त्याचे वावडे निर्माण होते आणि मग अगदी थोड्या फवाऱ्यानेही दमा उसळू शकतो. बऱ्याचदा तो कामावर नव्हे, रात्री अंथरुणात उसळतो. त्यामुळे दोष जातो थंडीला, नाहीतर कांद्याच्या धुळीला.

रुग्णाला त्याचा धंदा विचारावा, असे इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली लिहून ठेवले. ओपीडीच्या गर्दीत नेमका तोच प्रश्न राहून जातो आणि खोकल्याच्या बाटल्या बदलत राहतात. सुटीच्या दिवशी दम कमी लागतो का, एवढे विचारले तरी दिशा मिळते. पीक-फ्लो मीटर हे स्वस्त, साधे उपकरण आहे. कामाच्या आणि सुटीच्या दिवसांचे त्याचे आकडे तीन-चार आठवडे वहीत लिहिले तर पुष्कळदा चित्र स्पष्ट होते. निदान लवकर झाले आणि फवारा सुटला, तर फुप्फुस सावरण्याची आशा अधिक.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आयसोसायनेट विषबाधा होती. पण वीज वापरणाऱ्या कारखान्यात किमान १० कामगार असतील तरच तो कायदा लागू होत असे. नव्या संहितेने हा आकडा २० केला. तीन माणसांची शेड तेव्हाही सुटत होती, आताही सुटते. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच कायदा पोहोचत नाही.

तेव्हा भार उस्तादावर आणि आयटीआयवरच येतो. गन हाती देण्याआधी मास्क चढवायला शिकवावा : कोळशाच्या कार्ट्रिजचा, दाढी केलेल्या चेहऱ्यावर घट्ट बसणारा. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत थांबून चालत नाही, म्हणून कार्ट्रिज तारीख लिहून बदलावे. हात थिनरने धुऊ नयेत. हवेचा दाब उगाच वाढवू नये. नवशिका हमखास वाढवतो आणि धुके दाट होते. साध्या गनमधून निम्म्याहून अधिक रंग पत्र्यावर न बसता हवेत जाऊ शकतो; कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनने किमान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसणे अपेक्षित असते. छातीचा हिशेब ज्या मालकाला पटत नाही, त्याला रंगाच्या डब्याचा तरी पटेल.