कपाटातली अमेरिका

माझी एक मैत्रीण. जन्म न्यू जर्सीतला, वाढली कोथरूडमध्ये, नोकरी हिंजवडीत. अमेरिकन पासपोर्ट आईच्या कपाटात, साड्यांखाली. परवा बँकेच्या फॉर्मवर जन्मस्थळ लिहिलं आणि बाईसाहेब रडकुंडीला!

कारण २०१५च्या भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती तिकडे जाते. आणि अमेरिका आपल्या नागरिकाकडून जगभरातल्या कमाईचा हिशेब मागते, मग पगार रुपयांत का असेना. इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे बऱ्याचदा देणं शून्य. पण रिटर्न भरायचाच. परदेशात राहणाऱ्यांना मुदत १५ जून. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरपुढे गेली, की ‘एफबार’ वेगळा. आईसोबतची जॉइंट एफडीही त्यात धरायची.

घाबरू नका. मुद्दाम लपवलं नसेल, तर ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजना आहे: तीन वर्षांचे रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि परदेशात राहणाऱ्यांना दंड माफ. फक्त तिकडून नोटीस यायच्या आत, जाणकार सीएला गाठून.

बाय द वे, तिला तिथल्या राष्ट्राध्यक्षासाठी इथून मतदानही करता येतं. नुसता हिशेबच का द्यायचा, बॉस?