होरीसाठीं अश्रू, आणि कुळासाठीं?

प्रेमचंदांच्या ‘गोदाना’ची गोष्ट निघाली कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक आक्षेप ऐकूं येतो : खेड्यांतील दुःखें वाचून आतां कंटाळा आला, साहित्यानें आनंद द्यावा, रडगाणें गाऊं नये! या आक्षेपाचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

१९३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कादंबरींत रडगाणें आहे कोठें? तींत आहे तो हिशेब. मुलाच्या हातून गरोदर राहिलेल्या विधवा झुनियेस घरांत आश्रय दिला म्हणून पंच होरीस १०० रुपये रोख व ३० मण धान्य दंड करितात. अखेरीस त्याच्या गार पडलेल्या हातांत धनिया सुतळी विकून आलेले २० आणे ठेवते. तेंच त्याचें गोदान! जन्मभर राबलेल्या माणसाजवळ २० आणेच कां उरतात, हें दाखविणारा लेखक रडत नाहीं. तो जाब विचारतो.

आणि तो केवळ अवधच्या जमीनदारांस विचारलेला आहे, असें निदान रत्नागिरीकरांनीं तरी समजूं नये. आमच्याकडे पुष्कळ गांवीं भाताचा निम्मा वांटा खोताचा असे, शिवाय वेठ निराळी; पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा मात्र नुसतें कूळ! डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें.

कायद्यानें खोती गेली, हें खरें. परंतु आमच्या वाचनांत ती आली तरी होती काय? कोंकण म्हटलें कीं आम्हांस माड, आंबा आणि समुद्र आठवतो. श्री. ना. पेंडशांनीं येथील माणूस समर्थपणें उभा केला, हें आम्ही नाकारीत नाहीं; तथापि होरीप्रमाणें ज्याचें नांव घरोघर ठाऊक आहे, असें एकही कूळ आमच्या मनांत नाहीं.

या दोषांतून आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. गोठलेल्या शेतांत कंद उपटणारी हार्डीची टेस आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविली, तिच्यासाठीं हळहळलों; घरच्या माळ्यावरील खोतीच्या दप्तराची गांठ मात्र कधीं सोडली नाहीं. वाचकहो, असें दप्तर आपल्याही माळ्यावर असेल. ग्रामीण दुःखाचा कंटाळा आला असें म्हणण्यापूर्वीं तें एकदां खालीं काढा. त्यांतील येणें ज्यांच्या नांवें मांडलेलें आहे, त्यांची गोष्ट अद्याप लिहावयाची आहे. आणि ती वाचण्याचें कर्ज आपल्याकडे बाकी आहे.